राउटरला पूर्ण रस्ता कधीच माहीत नसतो

रात्री नेट अडकलं की पुण्यात घरोघरी एकच उपाय होतो : टीव्हीमागचा राउटरचा डबा बंद करायचा, थोडं थांबायचं, पुन्हा चालू करायचा. हेल्पलाइनला फोन लावला तरी पहिलं वाक्य हेच ऐकू येतं. उपाय बरेचदा लागूही पडतो. पण तो का लागू पडतो, कधी पडत नाही, आणि त्या डब्यात नेमकं चालतं काय, हे कुणी समजावून सांगत नाही. विषय किचकट वाटतो, पण एक गोष्ट पक्की धरून ठेवली की बाकीचं उलगडत जातं.

ती गोष्ट अशी : राउटरला मुक्कामापर्यंतचा रस्ता माहीत नसतो. हाती आलेलं पॅकेट आता कुठल्या शेजाऱ्याकडे ढकलायचं, एवढंच त्याला ठाऊक असतं. एकदा ढकललं की त्या पॅकेटशी त्याचा संबंध संपला. तुमच्या घरातला डबा असो की मुंबईत समुद्राखालच्या केबलींचं नेट देशात आणणारं कपाटाएवढं यंत्र असो, काम हेच. त्या कामाचे दोन भाग असतात. एक भाग रस्ते ठरवतो, दुसरा पॅकेटं ढकलतो. पहिल्याला विचार करायला सेकंद-दोन सेकंद लागले तरी बिघडत नाही. दुसऱ्याकडे मात्र एकेका पॅकेटसाठी सेकंदाचा दशलक्षांशही नसतो. राउटरच्या आतली सगळी रचना या एका फरकातून आलेली आहे.

पॅकेट म्हणजे काय तेही आत्ताच सांगतो. नेटवरून जाणारी कुठलीही गोष्ट सलग जात नाही. तिचे साधारण १,५०० बाइटपर्यंतचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता लागतो. तीन एमबीचा एक फोटो आहे तसाच, न आकसता, आईला पाठवला की दोन हजारांच्या आसपास पॅकेटं निघतात. प्रत्येक पॅकेटचा निर्णय राउटर स्वतंत्रपणे घेतो.

डबा उघडल्यावर

बंद पडलेला राउटर फेकून देऊ नका, एकदा उघडून बघा. घरात नसेल तर पुण्यातल्या जुन्या बाजारात किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत कुणाकडेही विचारा, मिळून जाईल. अडॅप्टर काढून ठेवा. स्क्रू बहुतेक वेळा खालच्या रबरी पायांच्या किंवा स्टिकरच्या आड दडलेले असतात.

आत एकच बोर्ड दिसतो. जिथे अडॅप्टरची पिन लागते तिथून सुरुवात करू. बाहेरून बहुधा १२ व्होल्ट येतात, पण आतल्या चिप चालतात ३.३ व्होल्टवर, मेमरी त्याहून कमीवर, आणि मुख्य प्रोसेसर जेमतेम एक व्होल्टवर. हे व्होल्टेज उतरवण्यासाठी पिनेजवळच काळ्या चौकोनी कॉइल आणि उभे, नळकांड्यासारखे कपॅसिटर बसवलेले असतात. त्या कपॅसिटरच्या डोक्याकडे नीट बघा. ते सपाट असायला हवं. फुगून वर आलेलं दिसलं तर राउटर दिवसातून चार वेळा आपोआप रिस्टार्ट का होत होता याचं उत्तर मिळालं. उन्हाळ्यात बंद शोकेसमध्ये, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेल्या राउटरचे कपॅसिटर लवकर जातात. तपकीर गल्लीतला कारागीर काही मिनिटांत ते बदलून देतो.

आता केबल लावायच्या खाचांकडे, म्हणजे पोर्टकडे या. त्यांच्या मागे बोटाच्या पेराएवढा काळा ठोकळा असतो. हा माझा आवडता भाग आहे. त्याच्या आत तांब्याच्या, केसासारख्या बारीक तारा गुंडाळलेले छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. बाहेरून आलेल्या केबलचा आतल्या चिपशी विजेचा थेट संबंधच येऊ दिलेला नाही. सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो. इथरनेटच्या, म्हणजे केबलवरच्या नेटवर्कच्या, मानकाप्रमाणे या जागी १,५०० व्होल्टपर्यंतचा फरक सोसला गेला पाहिजे. म्हणून दोन इमारतींच्या विजेच्या जोडणीत थोडाफार फरक असला तरी केबल जोडता येते. मात्र मे महिन्यात वळवाचा पाऊस विजांसह कोसळतो तेव्हा या गच्चीवरून त्या गच्चीवर टाकलेल्या तांब्याच्या केबलीत त्याहून किती तरी मोठा झटका उतरतो. मग सकाळी एक पोर्ट मेलेला आणि बाकीचे धडधाकट, असं दिसतं. फायबर काचेची असते, तिच्यातून वीज वाहत नाही, त्यामुळे या वाटेने येणारं संकट फायबरवर टळलं. अडॅप्टरच्या वाटेने येणारं तसंच आहे. गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवणं अजूनही शहाणपणाचंच.

जवळच एक चकचकीत पत्र्याची टोपी घातलेला चिमुकला तुकडा असेल. तो स्फटिक, बऱ्याच राउटरमध्ये सेकंदाला अडीच कोटी वेळा थरथरणारा. त्या तालावर आतल्या सगळ्या चिपची कामं चालतात.

मधोमध, ॲल्युमिनियमच्या हीटसिंकखाली, मुख्य चिप. ब्रॉडकॉम, मीडियाटेक, क्वालकॉम, रिअलटेक यांपैकी कुणाचं तरी नाव तिच्यावर छापलेलं आढळेल. या एकाच चिपमध्ये प्रोसेसर, पोर्टना आपसात जोडणारा स्विच आणि पुष्कळदा वायफायचा काही भागही असतो. शेजारी रॅम. आणखी एक चिप, स्वस्त राउटरमध्ये आठ पायांची आणि नखाएवढी : ती फ्लॅश मेमरी. तिच्यात राउटरचं सगळं सॉफ्टवेअर राहतं, तुमचा वायफायचा पासवर्डसुद्धा. कित्येक राउटरमध्ये ती फक्त ८ किंवा १६ एमबीची असते. एवढ्या जागेत लिनक्स ही अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम मावते, याचं मला आजही कौतुक वाटतं. २००२ मध्ये लिंकसिसने डब्ल्यूआरटी५४जी नावाचा राउटर आणला. तो लिनक्सवर चालतो हे लोकांच्या लक्षात आलं, आणि परवान्यातल्या अटीमुळे कंपनीला त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या कितीतरी जुन्या राउटरना आजही त्यातून नवं सॉफ्टवेअर मिळतं.

पत्र्याच्या झाकणांखाली वायफायचे रेडिओ आहेत. त्यांच्यापासून निघालेली बारीक वायर अँटेनाकडे जाते. अँटेनाचं प्लास्टिक वीतभर लांब असलं तरी आतला धातू बराच आखूड असतो, कारण २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची आणि तिचा पाव भाग फक्त तीन सेंटिमीटरचा. बाहेरचं प्लास्टिक किती उंच आहे यावरून रेंज ठरत नाही.

डबा फायबरचा असेल तर बोर्डाच्या एका कडेला हिरव्या टोकाची वायर शिरते. आपल्याकडच्या घरगुती फायबरमध्ये बहुधा जीपॉन नावाची पद्धत असते. कंपनीच्या बाजूने निघालेली एकच काच स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. वाटणीत प्रकाशही विभागला जातो. १,४९० नॅनोमीटरचा प्रकाश घराकडे येतो, १,३१० नॅनोमीटरचा घराकडून जातो, दोन्ही त्याच एका काचेतून. घरी आलेला माणूस मीटर लावून 'उणे बावीस आहे' म्हणतो ना, तो हा प्रकाश मोजत असतो. उणे वीस म्हणजे एका मिलिवॉटचा शंभरावा भाग. साधारण उणे सत्तावीसपर्यंत डबा प्रकाश ओळखतो, त्याखाली गेला की लाल दिवा लागतो. उणे सव्वीसवर चालणारं कनेक्शन चालू म्हणायला चालू असतं, पण वायर जराशी वाकली की गेलं.

एका पॅकेटचा प्रवास

फोनवरून निघालेलं पॅकेट या डब्यात शिरलं की काय होतं? आधी ते वाटेत खराब झालं नाही ना, हे तपासलं जातं. खराब असेल तर गुपचूप टाकून दिलं जातं. ते पुन्हा मागवणं ही दोन्ही टोकांची जबाबदारी, राउटरची नाही. मग पत्ता वाचला जातो. मग पॅकेटवरचा एक आकडा एकने कमी केला जातो. या आकड्याला टीटीएल म्हणतात. अँड्रॉइड फोनवरून पॅकेट निघताना तो बहुधा ६४ असतो, विंडोजवरून १२८. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो आणि शून्य झाला की पॅकेट रद्द करून पाठवणाऱ्याला तसं कळवतो. कुठल्याच राउटरला पूर्ण रस्ता माहीत नसल्यामुळे दोन राउटर एकमेकांकडे तेच पॅकेट अनंतकाळ टोलवत बसण्याची शक्यता खरोखर असते. टीटीएल त्यासाठी आहे.

घरच्या राउटरला याशिवाय एक जादा काम असतं : पत्ता बदलणं. नेटवरच्या उपकरणांचे आकडी पत्ते म्हणजे आयपी पत्ते. जुन्या पद्धतीचे ते एकूण सुमारे ४२९ कोटी, आणि ते केव्हाच अपुरे पडले. म्हणून घरातल्या फोन, टीव्ही, लॅपटॉपना १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते मिळतात. हे पत्ते खासगी वापरासाठीच राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे ते लाखो घरांत तेच ते असू शकतात. पॅकेट बाहेर पडताना राउटर त्यावरचा खासगी पत्ता खोडून स्वतःचा बाहेरचा पत्ता घालतो आणि आपल्या तक्त्यात एक ओळ लिहितो : आतल्या अमुक फोनचं अमुक क्रमांकाचं बोलणं, बाहेर तमुक क्रमांकाने चालू आहे. उत्तर आलं की ती ओळ बघून ते बरोबर त्याच फोनकडे जातं.

बंद-चालूचा उपाय लागू पडण्याचं एक मोठं कारण या तक्त्यात आहे. एक साधं वेबपान उघडलं तरी डझनभर ओळी भरतात. बोलणं नीट संपलं तर ओळ पुसली जाते. पण फोन रेंजबाहेर गेला, लॅपटॉपचं झाकण मिटलं, तर संपल्याचा निरोपच येत नाही आणि ओळ पडून राहते. लिनक्समध्ये मुळात अशी ओळ पाच दिवस राखून ठेवण्याची सोय आहे. राउटर बनवणारे बरेच जण ती मुदत कमी करतात, सगळे करतात असं नाही. रॅम थोडी, घरात माणसं पाच आणि प्रत्येकाकडे दोन-दोन उपकरणं. तक्ता भरतो. मग एक विचित्र लक्षण दिसतं : चालू असलेला व्हिडिओ चालूच राहतो, पण नवीन काही उघडत नाही. तक्ता रॅममध्ये असल्यामुळे वीज घालवली की तो कोरा होतो. शिवाय रिस्टार्टमध्ये कंपनीकडून पत्ता नव्याने घेतला जातो, आत अडकलेले प्रोग्रॅम पुन्हा सुरू होतात, आणि चॅनेल ऑटोवर असेल तर वायफाय आसपासची गर्दी बघून नव्याने चॅनेल निवडतं. पण आठवड्यातून दोनदा असं करावं लागत असेल तर राउटर बदलायची वेळ आलेली आहे.

आता आणखी एक गोष्ट, खास दुकानदारांसाठी. हल्ली अनेक कंपन्या ग्राहकाला खराखुरा बाहेरचा पत्तासुद्धा देत नाहीत. त्यांच्याकडे पत्ता बदलण्याचा आणखी एक टप्पा असतो. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांदरम्यान सुरू होणारा दिसला तर तुम्ही त्या गटात आहात. अशा वेळी लक्ष्मी रोडवरच्या दुकानातला कॅमेरा घरून थेट बघता येत नाही, राउटरमध्ये कितीही सेटिंग केली तरी. बाहेरून येणाऱ्यासाठी कंपनीच्या तक्त्यात ओळच नसते. कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे कायमचा स्वतःचा बाहेरचा पत्ता, विकत घ्या, किंवा कॅमेरा बनवणाऱ्याच्या क्लाउडमधून बघा.

सुरुवातीला म्हटलेले कामाचे दोन भाग घरच्या डब्यातही स्पष्ट दिसतात. एक गिगाबिटची लाइन सर्वांत लहान पॅकेटांनी भरली तर सेकंदाला १४ लाख ८८ हजार पॅकेटं येतात, म्हणजे प्रत्येकासाठी ६७२ नॅनोसेकंद. एक गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला तेवढ्यात ६७२ ठोके मिळतात, आणि रॅममध्ये एकदा डोकावण्यातच त्यातले शंभरेक जातात. तपासा, वाचा, तक्ता शोधा, पत्ता खोडा, नवा लिहा : एवढं यात बसत नाही. म्हणून चांगल्या राउटरमध्ये संभाषणाची पहिली काही पॅकेटं प्रोसेसर हाताळतो, निर्णय घेतो आणि तो निर्णय चिपमधल्या एका वेगळ्या सर्किटला देऊन टाकतो. त्यानंतरची हजारो पॅकेटं प्रोसेसरला न विचारताच पार होतात. मुलांसाठीचं नियंत्रण किंवा असंच काही चालू केल्यावर काही राउटरमध्ये वेग एकदम निम्मा होतो, त्याचं कारण हेच. प्रत्येक पॅकेट बघायचं म्हटलं की ते पुन्हा प्रोसेसरकडे वळवावं लागतं.

डब्याबाहेर

घरच्या राउटरचा रस्त्यांचा तक्ता अगदी छोटा असतो. घरातलं असेल तर घरात, बाकी सगळं कंपनीकडे. खरा प्रश्न पुढे उभा राहतो. जगभरच्या पत्त्यांपैकी हा पत्ता कुठल्या दिशेला आहे, हे मोठ्या राउटरला कसं कळतं?

पिनकोड आठवा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला आणि त्यामागचं डोकं श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाचं, संस्कृतचे कवी म्हणूनही ते ओळखले जातात. ४११०३० हा आकडा सदाशिव पेठेचा. पण कोलकात्यात पत्रं छाटणाऱ्याला सदाशिव पेठ माहीत असण्याची गरज नाही. पहिला ४ बघून तो पश्चिमेकडची थैली उचलतो. महाराष्ट्रात आल्यावर ४११ बघून पत्र पुण्याकडे वळतं. शेवटचे तीन आकडे पुण्यातच वाचले जातात. आयपी पत्ताही राउटर असाच डावीकडून वाचतो आणि ज्या ओळीशी सर्वांत जास्त आकडे जुळतात ती ओळ निवडतो. एकीकडे 'या १,०२४ पत्त्यांसाठी इकडे' असं लिहिलेलं असेल आणि दुसरीकडे त्यातल्याच 'या २५६ पत्त्यांसाठी तिकडे', तर दुसरी ओळ जिंकते. जी जास्त नेमकी, ती खरी.

या एका नियमाने २४ फेब्रुवारी २००८ रोजी जगात गोंधळ उडवला. पाकिस्तान टेलिकॉमला आपल्या देशात यूट्यूब बंद करायचं होतं. यूट्यूबने १,०२४ पत्त्यांचा एक गट जाहीर केलेला होता. पाकिस्तान टेलिकॉमने त्यातल्या २५६ पत्त्यांचा रस्ता आपल्याकडे आहे असं आपल्या राउटरमध्ये लिहिलं, आणि ती ओळ देशाबाहेर जायला नको होती ती गेली. पुढच्या कंपनीने न तपासता ती जगाला सांगितली. जगभरच्या राउटरनी नियमाप्रमाणे जास्त नेमकी ओळ उचलली आणि यूट्यूबकडची पॅकेटं पाकिस्तानात जाऊन संपू लागली. सुमारे दोन तास हे चाललं. यूट्यूबने मग आपले पत्ते त्याहून लहान गटांत, १२८-१२८ करून जाहीर केले आणि त्याच नियमाने ते परत मिळवले.

रस्ते एकमेकांना सांगण्याच्या या पद्धतीचं नाव बीजीपी. तिचा पहिला आराखडा १९८९ मध्ये कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी जेवणाच्या टेबलावर, कागदी नॅपकिनवर मांडला होता. तात्पुरती म्हणून आलेली ही पद्धत आजही इंटरनेट चालवते. ७० हजारांहून अधिक स्वतंत्र नेटवर्क तिच्या भरवशावर एकमेकांना सांगत असतात की अमुक पत्ते माझ्याकडून गाठता येतील. मूळ रचनेत खरं-खोटं तपासायची सोयच नव्हती. ती आता वरून जोडली जाते आहे, आणि माझ्या मते इंटरनेटवर सध्या चाललेल्या कामांतलं हे सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे.

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र बऱ्याच जणांना आठवत असेल. नऊ वाजून गेल्यावर व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम एकदम बंद पडलं ते सुमारे सहा तास. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने फेसबुकचं स्वतःचं अंतर्गत जाळं तुटलं, आणि त्यांच्या यंत्रणेने, साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या आपल्या सर्व्हरचे रस्ते बीजीपीमधून मागे घेतले. जगातल्या राउटरच्या तक्त्यांतून त्या ओळीच गेल्या. त्या रात्री घरचा राउटर कितीही वेळा बंद-चालू केला असता तरी काही उपयोग नव्हता.

जगाचा हा संपूर्ण तक्ता आज जुन्या आयपी पत्त्यांपुरताच सुमारे दहा लाख ओळींचा आहे. आणि मोठ्या राउटरमध्ये १०० गिगाबिटच्या एका पोर्टवर लहानात लहान पॅकेट आलं तर हाताशी असतात ६.७२ नॅनोसेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा दोन मीटरच जातो. दहा लाखांतून सर्वांत नेमकी ओळ एवढ्या वेळात शोधायची कशी? एक उत्तर टीकॅम नावाच्या मेमरीत आहे. साध्या मेमरीला आपण 'अमुक जागी काय लिहिलंय' विचारतो. टीकॅमला उलटं विचारतो : 'हे कुठे लिहिलंय?' आणि तिच्यातली प्रत्येक ओळ एकाच ठोक्यात स्वतःला त्या आकड्याशी ताडून बघते. तिच्या प्रत्येक खान्यात शून्य, एक किंवा 'काहीही चालेल' अशा तीन अवस्था असतात. पत्त्याचे शेवटचे आकडे दुर्लक्षित करण्यासाठी ही तिसरी अवस्था लागते. सगळ्या ओळी एकदम कामाला लागत असल्याने ही मेमरी महाग, आणि तापते भयंकर. म्हणून हल्ली तक्ता फांद्याफांद्यांच्या रचनेत मांडून साध्या पण वेगवान मेमरीत ठेवण्याचे मार्गही वापरले जातात.

मेमरी मर्यादित असण्याचे परिणाम खरे असतात. १२ ऑगस्ट २०१४ रोजी जगाचा तक्ता ५ लाख १२ हजार ओळींच्या वर गेला. बऱ्याच जुन्या राउटरच्या टीकॅममध्ये तेवढीच जागा ठेवलेली होती. त्या दिवशी ठिकठिकाणी नेट मंदावलं, साइट गायब झाल्या. चिपमधल्या रकान्यांची संख्या संपली, एवढंच कारण.

अशा मोठ्या राउटरमध्ये वरचं प्रोसेसर कार्ड फक्त बीजीपी बोलतं आणि तक्ता बनवतं. तक्त्याची प्रत प्रत्येक पोर्ट कार्डाकडे असते. प्रोसेसर कार्ड रिस्टार्ट झालं तरी, नीट सोय केलेली असेल तर, पोर्ट कार्डं हातातल्या प्रतीवर पॅकेटं ढकलत राहतात.

हे सगळं स्वतः बघायचं असेल तर कॉम्प्युटरवर ट्रेसर्टची आज्ञा देऊन एखाद्या साइटचं नाव टाका. ही युक्ती टीटीएलवरच चालते. पहिलं पॅकेट एक आकडा घालून सोडलं जातं, पुढचं दोन, मग तीन; ज्या राउटरपाशी शून्य होतं तो आपलं नाव कळवतो. पहिली ओळ तुमच्या डब्याची. मग एक-दोन कंपनीच्या पुण्यातल्या राउटरच्या. मग बहुधा मुंबई. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे घाट उतरायला एक मिलिसेकंद पुरतो. मध्येच चांदण्या (* * *) दिसल्या तर घाबरू नका. तो राउटर पॅकेटं ढकलतो आहे, फक्त उत्तर द्यायचं टाळतो आहे.

वेग आहे, तरी अडखळतं

स्पीड टेस्ट उत्तम येते आणि व्हिडिओ कॉल मात्र तुटतो, ही तक्रार सतत ऐकू येते. कारण बहुतेक वेळा राउटरच्या रॅममध्ये थांबलेल्या पॅकेटांचं असतं. पॅकेटं आत येण्याचा वेग बाहेर जाण्यापेक्षा जास्त झाला की ती रॅममध्ये थांबतात. मेमरी स्वस्त झाली तसे बनवणारे ही जागा वाढवत गेले. समजा अपलोड १० एमबीपीएस आहे आणि थांबलेला माल एक एमबीचा. एक एमबी म्हणजे आठ मेगाबिट, तो बाहेर पडायला लागणार ०.८ सेकंद. घरातल्या एकाच्या फोनचे फोटो बॅकअपला लागले की दुसऱ्याच्या कॉलचं प्रत्येक पॅकेट पाऊण सेकंद मागे उभं. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास आपल्या घरच्या लाइनवर हे शोधून बफरब्लोट असं नाव दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही पद्धत मांडली : पॅकेटं सतत फार वेळ थांबू लागली तर काही मुद्दाम टाकून द्या, म्हणजे पाठवणारा आपोआप वेग कमी करतो. पॅकेट फेकल्याने नेट सुधारतं हे ऐकायला उलटं वाटतं, पण सुधारतं. राउटर घेताना अँटेना मोजण्यापेक्षा त्यात एसक्यूएम किंवा एफक्यू-कोडेल, म्हणजे ही थांबलेली रांग आटोक्यात ठेवणारी सोय, आहे का, हे विचारा.

वायफायबद्दल थोडक्यात. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, बाकीच्यांनी थांबायचं. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. वाकड-बाणेरच्या सोसायटीत एका जागी उभं राहून वीस-पंचवीस वायफाय दिसतात. ते सगळे या तिघांत वाटलेले. जवळ असाल तेव्हा ५ गिगाहर्ट्झ वापरा. तो भिंतीतून कमी जातो, आणि शेजाऱ्याचाही कमी येतो, हा फायदाच. जुन्या वाड्याच्या जाड भिंतीपलीकडे मात्र केबल टाकून दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा आणखी एक डबा, लावण्याला पर्याय नाही.

आणि ॲडमिनचा पासवर्ड बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून पाहून. तो रॅममध्येच राहायचा, रिस्टार्ट केलं की जायचा. पासवर्ड तोच राहिला असेल तर काही मिनिटांत परत यायचा.

पुढच्या वेळी नेट अडकलं की स्विच दाबण्याआधी दिवे बघा. लाल दिवा असेल तर प्रकाशच येत नाही. राउटर बंद-चालू करून काच जुळत नाही, सरळ तक्रार नोंदवा. दिवे ठीक असतील तर लॅपटॉपवरून घरच्याच राउटरला, बहुधा १९२.१६८.१.१ ला, पिंग करा; उत्तर यायला किती वेळ लागतो ते ही आज्ञा मोजते. उत्तर एक-दोन-तीन मिलिसेकंदांत सलग येत असेल तर वायफाय बरं आहे आणि दोष पुढे आहे. आकडे तीनवरून दोनशेवर उड्या मारत असतील तर दोष वायफायचा. त्यासाठी कंपनीच्या माणसाला बोलावून उपयोग नाही, जागा किंवा चॅनेल बदला. आणि जुनं चालू राहून फक्त नवीन उघडत नसेल, तर तक्ता भरलाय. अशा वेळी खुशाल बंद-चालू करा.